परतूरकर मॅडमची पंगत

परतूरकर मॅडम कुणालाही भेटीची वेळ देत ती दुपारी दोनची. हिवाळ्यात कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण एप्रिल-मे महिन्यात, गुलमंडीचे दुकानदारसुद्धा अर्धं शटर ओढून आत आडवे होतात तेव्हाही, त्यांची वेळ बदलत नसे. "उन्हाबद्दल बोलायचं ते उन्हातच बोलावं. संध्याकाळी सगळे विसरतात," असं त्या म्हणत, आणि बरोबर दोनला दारात छत्री मिटवत उभ्या राहत.

माझ्या दारात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होतो. कूलरसमोर पुस्तक घेऊन पडलो होतो. दार उघडलं तर साठीच्या आसपासच्या एक बाई. डोक्यावर ओला नॅपकिन, हातात पुरुषी काळी छत्री, खांद्यावर वह्यांनी फुगलेली कापडी पिशवी. वैद्यकीय महाविद्यालयात आयुष्यभर समाजवैद्यक शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं, दोन पेले प्यायल्या आणि मला काहीएक न विचारता बोलायला लागल्या. सिल्लोडला वैशाखात मेडिकलच्या दुकानात कुठल्या गोळ्या जास्त खपतात, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बायका पाणी कमी का पितात, दवाखान्याच्या कागदावर उष्माघात हा शब्द क्वचितच का सापडतो. तासभर त्या बोलत होत्या. मग पिशवीतल्या वह्या माझ्या पलंगावर ठेवून म्हणाल्या, "हे माझ्याकडचं झालं. आता तुमच्याकडचं सांगा."

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, मला थोडेफार आकडे समजतात, माणसांत मी फारसा वावरत नाही. त्यांना ते ऐकून आनंदच झाला. "बरं झालं. माणसं मी बघते. आकड्यांचा बंदोबस्त तुम्ही करा, प्राध्यापक." त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्या मला प्राध्यापकच म्हणत राहिल्या. त्यात जरासा टोमणा होता आणि माया त्याहून जास्त होती.

आधी सांगायचं, मग विचारायचं, हा त्यांचा नेमच होता. कुठल्याही गावात, कुठल्याही कचेरीत त्या आधी स्वतःजवळचं ओतून मोकळ्या होत. समोरचा माणूस ऐकता ऐकता सैल होई आणि स्वतःहून बोलू लागे. मी त्यांना एकदा विचारलं, की ही युक्ती कुठं शिकलात. त्या म्हणाल्या, "युक्ती कसली? पाहुणा रिकाम्या हातानं येतो का कुणाच्या घरी?"

ती सगळी वर्षं कोरडी होती. एक पावसाळा गेला, त्यामागून दुसरा गेला. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई आणि टँकरमागे कळशा धावत. तरीही शहर वाढतच होतं. शेंद्र्याकडे कारखान्यांच्या शेड उठत होत्या, बायपासच्या पलीकडे प्लॉट पडत होते आणि गावाकडून आलेली माणसं जागा मिळेल तिथं चार पत्रे टाकून राहत होती. मॅडमचं म्हणणं साधं होतं. हवा बदलते आहे असं सगळे म्हणतात, पण त्या बदलानं कुठल्या माणसाला काय होतं, हे कुणी लिहून ठेवत नाही. एका डॉक्टरला ते दिसणार नाही, एका शहराला दिसणार नाही. म्हणून पुष्कळांनी, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं बघायचं. दुपारी दोनला थर्मामीटर बघायचा आणि त्या दिवशी आपल्या आसपास किती जणांना चक्कर आली, कुणाची लघवी बंद झाली, कोण गेलं, हे एका तक्त्यात लिहायचं. महिन्याच्या शेवटी सगळे तक्ते माझ्याकडे येत. आमच्यासारखीच केंद्रं तेलंगणात, ओडिशात आणि विदर्भात होती. तिथल्या डॉक्टरांना मॅडमनी पत्रं लिहून, फोन करून, काही ठिकाणी स्वतः रेल्वेनं जाऊन गोळा केलं होतं. "ऊन राज्याची हद्द बघत नाही. आपण कशाला बघायची?" असं त्या म्हणत.

या सगळ्याला कागदोपत्री एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. त्यात नेटवर्क हा शब्द होता. मॅडम मात्र पंगत म्हणत. पंगतीचे नियम त्यांनी घालून दिले होते आणि ते मोडण्याची कुणाची टाप नव्हती. वाढायचं ते सगळ्यांना सारखं. म्हणजे परदेशातल्या विद्यापीठाला जो तक्ता जाईल तोच, त्याच दिवशी, मुकुंदवाडीच्या अंगणवाडीतही जाईल, मराठीतून. आणि शेवटच्याचं पान होईपर्यंत कुणी उठायचं नाही; म्हणजे सगळ्यात मागं राहिलेल्या केंद्राचे आकडे येईपर्यंत कुणी काही छापायचं नाही. या दुसऱ्या नियमानं मोठमोठ्या संस्थांचे लोक हैराण होत. तेलंगणाच्या डॉ. पद्मजा तर दर महिन्याला फोन करून विचारत, की तुमचं सिल्लोड जेवतं तरी किती वेळ.

सिल्लोडचं केंद्र म्हणजे रशीदभाईंचं मेडिकल. जळगाव रोडला लागून, कापसाच्या जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर. मॅडम पहिल्यांदा तिथं गेल्या आणि काउंटरशी उभ्या राहून गोळ्यांच्या खपाविषयी बोलू लागल्या, तेव्हा रशीदभाईंचा चेहरा उतरला. ते पुढं नेहमी सांगत, "मैं समझा ड्रग इन्स्पेक्टर आयी. सगळे बिल काढून समोर ठेवले मी. आपा म्हणाल्या, बिल नको, चहा पाजा." तीन फेऱ्यांनंतर त्यांची तसल्ली झाली. मग मात्र त्यांनी काम असं धरलं, की ईदच्या दिवशीही दोन वाजता नव्या कपड्यांत येऊन नोंद करून जात.

मुकुंदवाडीचं केंद्र म्हणजे कौसाबाई. मूळची ही धनगराची बाई सिल्लोडच्या पलीकडची. दुष्काळात मेंढरं गेली आणि कुटुंब शहरात आलं. नवरा बांधकामावर, कौसाबाई अंगणवाडीत मदतनीस. रेल्वे स्टेशनच्या मागं त्यांची पत्र्याची दोन खणांची खोली. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण अक्षर गोल आणि आकडा स्वच्छ. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या तक्त्यांत सर्वांत देखणा तक्ता त्यांचा असे. एकही दिवस कोरा नाही, एकही खाडाखोड नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीला मला त्या तक्त्यात काहीतरी खटकलं. मुकुंदवाडीचं तापमान बाकी सगळ्या केंद्रांपेक्षा बरंच खाली होतं. पहिल्या वर्षीही तसंच होतं, पण तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. मी मॅडमना म्हणालो, तिथं झाडी असेल. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मुकुंदवाडीत? स्टेशनच्या मागं झाडी? प्राध्यापक, तुम्ही घराबाहेर पडत जा." दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला आम्ही कौसाबाईंच्या दारात होतो.

खोलीला लागून एक छोटा आडोसा होता. वर निंबाच्या फांद्या टाकलेल्या, खाली अर्धा पुरलेला रांजण, रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. आणि त्या रांजणाच्या बरोबर वर, ओल्या गोणपाटाचा एक पदर अंगावर घेऊन, आमचा थर्मामीटर दोरीनं टांगलेला. त्याच्या काचेवर बारीक दव धरलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी माझा हात दाबला. त्या खाली बसल्या. कौसाबाईंनी दिलेलं पाणी सावकाश प्यायल्या. म्हणाल्या, "पाणी फार गार आहे हो, कौसाबाई. ह्यालाही इथं गारच वाटत असणार." कौसाबाई हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलं, बाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून तिथंच टेकल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

परतताना रिक्षात मी मॅडमना म्हणालो, की मुकुंदवाडी दोन्ही वर्षांच्या हिशोबातून गाळून टाकू. एवढ्या केंद्रांत एक कमी झालं तर कुणी विचारणार नाही. त्या म्हणाल्या, "ती बाई दोन वर्षं, एक दिवस न चुकता, भर दुपारी उठून नोंद करते. तिला गाळायचं? आणि कुणी विचारणार नाही म्हणता, तेच तर आधी सांगायला हवं."

पुढच्याच महिन्यात सगळ्या केंद्रांची बैठक आमच्या शहरात भरली. एका वाचनालयाचं सभागृह मिळालं होतं, पंखे होते, वीज मात्र ये-जा करत होती. बैठकीत पुढच्या तीन वर्षांचं काम कुणाकडे राहणार हे ठरणार होतं. मराठवाड्याचे आकडे कच्चे असतात असं एक-दोघांनी आधीच बोलून दाखवलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, की आमचे मुकुंदवाडीचे दोन उन्हाळ्यांचे आकडे चुकीचे आहेत, आणि चूक माझी आहे, कारण थर्मामीटर देताना मी फक्त 'जपून ठेवा' एवढंच सांगितलं होतं, कुठं टांगायचा ते जाऊन पाहिलं नव्हतं. तोच मागच्या रांगेतून कौसाबाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या मुकुंदवाडीहून चालत आल्या होत्या.

"म्या सांगते," त्या म्हणाल्या. "डाक्टरीणबाई म्हणल्या, ह्याला जपा. काचंचं हाय, तडकंल. म्या लेकरावानी जपलं. रोज गोणपाट भिजवायचे त्याच्यासाठी, घरात प्यायला पाणी नसलं तरी. मला काय ठावं, त्याला ऊन खायालाच आणलंय म्हणून."

सभागृहात आधी कुणी हसलं नाही. मग कुणीतरी भाषांतर करून सांगितल्यावर ओडिशाचे एक वयस्कर डॉक्टर हसले, आणि डॉ. पद्मजाही हसल्या. हसता हसता त्या गंभीर झाल्या. त्यांनी हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे रविवारची नोंद सोमवारी सकाळी आठवून लिहितात, मला हे सहा महिन्यांपासून माहीत आहे. त्यानंतर विदर्भाच्या माणसानं सांगितलं, की त्यांचा थर्मामीटर कार्यालयाच्या ज्या खोलीत आहे तिथं एसी आहे. एकेक जण बोलत गेला. दुपारच्या जेवणापर्यंत आमच्याकडचे निम्मे आकडे मोडीत निघाले होते आणि सगळ्यांचे चेहरे मात्र दिवाळीच्या सुट्टीला घरी आल्यासारखे दिसत होते. मी त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून मॅडमकडे बघत होतो. इतक्या शहरांतून आलेली, एकमेकांना फारशी न ओळखणारी ही माणसं त्यांनी दोन वर्षं पत्रांनी आणि फोननी बांधून ठेवली होती, पण खरी बांधली गेली ती त्या सकाळी. आणि ते त्यांना आधीपासून माहीत असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

त्या बैठकीपासून आमच्या तक्त्यात शेवटी एक रकाना वाढला. त्याचं नाव 'चूक'. प्रत्येक बैठकीची सुरुवातही त्यानंच व्हायची. जेवढं काम, तेवढ्या चुका असणारच, असं मॅडम धरूनच चालत. कुणाचा रकाना तीन महिने कोरा आला तर त्या काळजीत पडत. "ह्याच्याकडं चूक होत नाही की हा बघतच नाही?" असं मला विचारत. कौसाबाईंनी थर्मामीटर उन्हापासून आडोशाला, पण मोकळ्या हवेत टांगला. दुसरा एक थर्मामीटर मॅडमनी त्यांच्या खोलीत, पत्र्याखाली लावला, कारण कौसाबाई म्हणाल्या होत्या की बाहेरचं काय बघता, माणूस तर आत शिजतंय. पुढं आमच्या कामातली सर्वांत जास्त वाचली गेलेली गोष्ट या दोन थर्मामीटरांतल्या फरकावर उभी राहिली. त्या लेखावर कौसाबाईंचं नाव होतं, मॅडमच्या नावाच्या आधी.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्याशिवाय मॅडम कोण होत्या हे सांगून पुरं होणार नाही.

त्या बैठकीनंतर दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. आमच्या भागात तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी येत असे आणि कधी येईल याचा नेम नसे. म्हणून सगळेच तोटी उघडी ठेवत आणि खाली ड्रम लावत. मी तेच करून कॉलेजला गेलो. मी घरात नसताना पाणी आलं, ड्रम भरला, वाहिला आणि खोलीभर पसरला. खाली जमिनीवर सिल्लोडचे त्या महिन्याचे कागद होते, आदल्याच दिवशी कंडक्टरच्या हाती आलेले. बाकीचे मी वाळवून वाचले. नऊ दिवसांची शाई मात्र पार निघून गेली होती.

गल्लीत लोक घागरीभर पाण्यासाठी भांडत होते आणि माझ्या घरात पाण्यानं कागद बुडवले होते. हे कुणाला सांगायची मला लाज वाटली. सगळी पंगत सिल्लोडसाठी थांबलेली होती. डॉ. पद्मजांची दोन पत्रं येऊन पडली होती. रशीदभाईंचं नाव उगाच खराब होईल असंही मी स्वतःला सांगितलं. मी मागचे काही आणि पुढचे काही दिवस घेतले, त्यांची सरासरी काढली आणि ते नऊ दिवस भरून टाकले. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला हे जमणारच. आकडे इतके स्वाभाविक दिसत होते की मलाही थोड्या दिवसांत ते खरे वाटू लागले. 'चूक' हा रकाना मी कोरा ठेवला.

चौथी शिकलेली बाई भरल्या सभागृहात उठून उभी राहिली होती, ते मी पाहिलं होतं. तरीही माझ्या तोंडून ते निघालं नाही. एक बैठक गेली, दुसरी गेली. त्या वर्षीच्या आकड्यांचा लेख छापून आला. वर्षं गेली.

मॅडमचं हृदय थकत गेलं तेव्हा त्यांनी हळूहळू स्वतःला बाजूला केलं. आधी बैठकीचं अध्यक्षपद सोडलं. मग केंद्रांना सांगितलं, की मला फोन करू नका, एकमेकांना करा. कौसाबाई डॉ. पद्मजांशी मोडक्या हिंदीत बोलू लागल्या आणि डॉ. पद्मजा त्यांना तेलुगू रीतीनं मान देऊन 'कौसाबाईगारू' म्हणू लागल्या. "मी मधे बसले तर सगळे माझ्याच पानाकडं बघत बसतात," असं मॅडम म्हणत. कुणी त्यांचं कौतुक करू लागलं की त्या चटकन विषय बदलत, आणि माणूस फारच मागं लागला तर छत्री उचलून निघून जात.

शेवटच्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेलो. वेळ अर्थात दोनची. उशांना टेकून बसल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मला वाटलं, आज सांगून टाकावं. मी शब्द शोधत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या स्वतःच सांगू लागल्या. तरुणपणी त्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होत्या. त्या वर्षीही मोठा दुष्काळ होता, खडी फोडायच्या कामावर माणसं लावली होती. दुपारी कामावर पडून मेलेली माणसं बैलगाडीतून त्यांच्याकडे येत. मृत्यूच्या कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, हृदय बंद पडल्यामुळे.

"सगळ्यांचंच शेवटी हृदय बंद पडतं, प्राध्यापक," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर उन्हाला जागा नव्हती, म्हणून मी ऊन लिहिलं नाही. जागा करून लिहायला हवं होतं. किती जणांचं असं लिहिलं, तेही आता आठवत नाही. हे सगळं मी मागाहून सुरू केलं ते त्याच्यासाठी. कुणाला सांगितलं नव्हतं."

एवढं बोलून त्या थांबल्या. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, शांत, जणू त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. त्यांना माझं माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी आपला नेम पाळला होता एवढं मात्र मला तेव्हाही कळलं. त्यांच्याकडचं झालं होतं. मी म्हणालो, तुम्ही थकला असाल, निघतो. त्या म्हणाल्या, "बरं. उन्हाचे सांभाळून जा." बाहेर ऊन नव्हतं, थंडी सुरू झाली होती.

मार्गशीर्षात एका सकाळी त्या गेल्या. मी रशीदभाईंना कळवलं, रशीदभाईंनी कौसाबाईंना, कौसाबाईंनी तेलंगणाला. माझ्याकडून एकच फोन गेला होता. दुपारपर्यंत सगळ्या केंद्रांना बातमी पोचलेली होती.

त्यानंतरची पहिली बैठक पुन्हा आमच्याच शहरात झाली. मधली खुर्ची रिकामी ठेवावी असं कुणीतरी सुचवलं होतं, पण कौसाबाईंनी ती उचलून रांगेत लावली आणि तिच्यावर बसल्या. कामकाज नेहमीप्रमाणे चुकांनी सुरू झालं. मुकुंदवाडीची चूक सांगून झाली, विदर्भाची झाली. माझी पाळी कधीच नसे, मी फक्त बेरजा करणारा. मी हात वर केला. उभा राहिलो. त्या नऊ दिवसांचं मी सगळं सांगितलं, पाण्याचं, लाजेचं, सरासरीचं, छापून आलेल्या लेखाचं.

डॉ. पद्मजांनी वही उघडली आणि महिना कुठला एवढंच विचारलं. कौसाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्सं पोटात ठिवून बसला व्हय, सर? बसा खाली. आता काय करायचं त्ये बघू." मी बसलो. शेजारी रशीदभाई होते. ते रागावले असतील, असं मी धरलं होतं, कारण खोटे दिवस त्यांच्या नावावर छापले गेले होते. ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "इत्तीसी बात थी तो पूछ लेते ना, सर. मेरे कने कच्ची वही है. दुकानात लिहितो, मग तुमच्या कागदावर उतरवतो. आज तक एक भी फेकी नहीं."

एका फोनचं अंतर होतं. इतक्या वर्षांत मी तो केला नव्हता. माणसांना माणसांपर्यंत पोचवण्यात मॅडमचं आयुष्य गेलं होतं, आणि मी त्यांच्या सर्वांत जवळ बसून स्वतःपुरता ते टाळत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात मी सिल्लोडला गेलो. रशीदभाईंनी काउंटरवर मुलाला बसवलं आणि आतल्या खोलीत औषधांच्या खोक्यांवरून ती वही काढली. ते वाचत गेले, मी लिहीत गेलो. पहिले पाच दिवस माझ्या आकड्यांच्या आसपासच होते. तापमान एखादा अंश इकडं-तिकडं, चक्कर आलेले एक-दोन कमी-जास्त. मला वाटून गेलं, की मी फारसं काही बिघडवलं नव्हतं.

सहाव्या दिवशी ते थांबले. चष्मा पुसला आणि वाचलं, "सुभद्राबाई. जिनिंगच्या आवारात कापूस वेचत होती. दोनच्या सुमाराला पडली. दुकानात आणली, पाणी तोंडात जाईना. दवाखान्यात नेईपर्यंत गेली." मग वहीवरून नजर न काढता म्हणाले, "इसका बेटा आता ना अभी भी, दुकान पे. खोकल्याचं औषध न्यायला."

माझ्या जुन्या तक्त्यात त्या दिवसाच्या मृत्यूच्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात. मी त्यावर रेघ मारली आणि वर सुभद्राबाईंचं नाव लिहिलं. कारणाच्या जागी ऊन लिहिलं. शेवटच्या, 'चूक'च्या रकान्यात माझं नाव लिहिलं. लेखणी खाली ठेवली तेव्हा रशीदभाईंनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

"अजून तीन दिवस आहेत, सर," ते म्हणाले, आणि त्यांनी सातवा दिवस वाचायला घेतला.